‘फ्यूज दहा रुपयांचा, मागितले ४,८००’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण काल काउंटरवर एका गिऱ्हाइकाने विचारलं, “ते फ्यूजवाले तुम्हीच का?” तेव्हा म्हटलं, आता उत्तर द्यायलाच हवं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. घरचा ५.१ रिसीव्हर (होम थिएटरच्या स्पीकरना आवाज पुरवणारा सेट) एकाएकी बंद पडला, लाल दिवासुद्धा लागेना. घोडबंदरहून ट्रॅफिक काढत तो ठाण्यात नौपाड्याला आमच्याकडे आणलात. आम्ही तपासणीचे ५०० घेतले, दोन आठवडे सेट ठेवून घेतला आणि ४,८०० खर्च सांगितला. तुम्ही नको म्हणालात, तर ५०० परत केले नाहीत. पुढे शेजाऱ्यांनी सांगितलं की नुसता फ्यूज गेलाय, तो दहा रुपयांना मिळतो. शिवाय काउंटरवरचा मुलगा उद्धट बोलला. म्हणून “लुटारू आहेत, जाऊ नका.”

फ्यूज दहा रुपयांना मिळतो, हे शेजाऱ्यांचं बरोबर आहे. आमच्याकडे आठालाही मिळेल. पण तो गेला कशामुळे, हे शोधायलाच तर सेट उघडावा लागतो. कधी कधी फ्यूज नुसता वयानेही जातो. तेव्हा काचेच्या नळीत तार मधोमध तुटलेली दिसते आणि काच स्वच्छ असते. असा सेट आला तर आम्ही नवा फ्यूज टाकतो, चालवून बघतो आणि किरकोळ पैसे घेऊन देतो. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर मात्र पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे असं समजायचं. तिथे दुसरा फ्यूज टाकला तर तोही त्याच क्षणी उडतो.

तुमच्या सेटमधला फ्यूज काळा होता. इतकंच नाही, त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती आणि तीही जळालेली होती. ती कोणी गुंडाळली ते मी विचारत नाही, तुम्हाला माहीतही नसेल. पण त्या चांदीनेच तुमचा खर्च वाढवला. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधायचं आणि चोराला दार उघडून द्यायचं, तसला हा उद्योग.

आता आत काय झालं ते सांगतो, कारण ४,८०० चा हिशेब त्यातच आहे. मागच्या डाव्या स्पीकरच्या चॅनेलमधले दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे पार्ट, शॉर्ट होते. मीटर लावला की जवळजवळ शून्य ओहम. दोन्ही एकदम शॉर्ट झाले की प्लस आणि मायनस सप्लाय एकमेकांना भिडतात आणि फ्यूज उडतो. गोष्ट तिथेच थांबली असती तर काम निम्म्यात झालं असतं. पण चांदीमुळे करंट वाहतच राहिला. त्यात दोन एमिटर रेझिस्टर जळाले, ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा पार्ट) गेला आणि बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडला. ट्रान्सफॉर्मर वाचला हे नशीब. तो जळाला असता तर मीच सांगितलं असतं की नवा सेट घ्या.

हे ट्रान्झिस्टर शॉर्ट का झाले असतील? तुम्हीच बोलता बोलता म्हणाला होतात की गणपतीच्या सजावटीत मागचे स्पीकर हलवले होते. वायरीची टोकं सोलून, नीट पीळ न देता टर्मिनलमध्ये खोचली की एखादा केसाएवढा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकतो. आवाज कमी असताना कळत नाही, आरतीला आवाज वाढवला की कळतं. यासाठी सेटमध्ये प्रोटेक्शन असतं, म्हणजे धोका दिसला की सेट आपोआप बंद करणारी सोय, पण प्रत्येक वेळी ते वेळेत पोचतंच असं नाही. वायरी मी पाहिलेल्या नाहीत, म्हणून हा अंदाज आहे. जळालेले पार्ट मात्र समोर होते, त्यांचे फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत.

४,८०० मध्ये २,३०० पार्टचे होते: दोन आउटपुट ट्रान्झिस्टर, त्यांचे ड्रायव्हर, रेझिस्टर, ब्रिज आणि योग्य रेटिंगचा फ्यूज. ट्रान्झिस्टर स्वस्तात मिळतात हे मलाही ठाऊक आहे. त्याच नंबरचा, त्याच छापाचा नकली माल बाजारात भरपूर आहे. तो टेबलावर चालतो आणि घरी आवाज वाढवला की फुटतो. आम्ही लॅमिंग्टन रोडवरून ज्याच्याकडून माल घेतो तो महाग पडतो, पण तीन महिन्यांची वॉरंटी मी त्याच्याच जोरावर लिहून देतो.

उरलेले २,५०० मजुरी. पार्ट डकवले की काम संपलं असं नसतं. अशा सेटला थेट २३० व्होल्ट देत नाहीत, आधी १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावतात, म्हणजे करंट त्या बल्बमधूनच सेटला जातो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, कपॅसिटर (वीज साठवणारे पार्ट) भरले. तो लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट अजून शिल्लक आहे, पण नवे पार्ट वाचले. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, म्हणून आम्ही जुने बल्ब जपून ठेवलेत. मग बायस, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट, सेट करायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी येत नाही ना ते बघायचं आणि लोड लावून सेट काही तास चालवायचा. ही शेवटची पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. ती गाळली की सेट आठवड्यात परत येतो.

तपासणीच्या ५०० बद्दल. काउंटरवर पाटी आहे, पावतीवरही छापलंय: दुरुस्ती केली तर ही रक्कम बिलातून वजा होते, केली नाही तर परत मिळत नाही. तुमचा सेट पूर्ण उघडून, हीटसिंक सोडवून, पार्ट एकेक मोजले आणि दोष कुठे आहे ते तुम्हाला लेखी दिलं. तो कागद घेऊन तुम्ही कुठल्याही दुकानात जाऊ शकता, त्या दुकानाचं अर्धं काम झालेलं आहे. हे ५०० मी परत करणार नाही.

दोन आठवड्यांचं म्हणाल, तर खर्चाचा मेसेज आणि फोटो त्याच आठवड्यात पाठवले होते. वाचल्याच्या दोन निळ्या खुणाही आल्या. नंतर फोन केला तो उचलला गेला नाही. तुम्ही कामात असाल. पण गिऱ्हाइकाने हो म्हटल्याशिवाय आम्ही इस्त्री तापवत नाही, सोल्डरिंगची.

काउंटरवरच्या मुलाशी बोललो. तो म्हणतो, “यूट्यूब बघून उघडू नका” असं सांगितलं. तुम्ही ऐकलंत ते “घरी जाऊन यूट्यूब बघा.” मी तेव्हा दुकानात नव्हतो, त्यामुळे यावर वाद घालत नाही.

आता हे वाचणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी थोडं, कारण ‘चालू होत नाही’ म्हणून येणाऱ्या सेटांपैकी काहींना आमच्याकडे यायची गरजच नसते. आधी त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून बघा. स्पाइक गार्डचं बटण बघा, तो मधून काढून सेट थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. मागची पॉवर केबल सुटी होणारी असेल तर दाबून बसवा, झाडूपोछा करताना ती अर्धी निघते. सबवूफरच्या मागे वेगळा स्विच असतो, तो बंद राहतो. साउंडबारचा बहुतेक वेळा अ‍ॅडॉप्टरच गेलेला असतो. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, टोकाशी जांभळट दिवा लुकलुकला तर रिमोट ठीक. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा.

एवढं करून लाल दिवाही लागत नसेल, तर दोष बहुधा फ्यूज किंवा स्टँडबाय सप्लायमध्ये. हा छोटा सप्लाय सेट ‘बंद’ असतानाही २४ तास चालू असतो, म्हणून आधी थकतो. त्यातून टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात सेट कोंडलेला असेल तर आणखी लवकर. साधारण हिशेब असा की कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. इंटिरियरवाल्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. पावसाळ्यात याच गरम कोपऱ्यात झुरळं आणि पाली मुक्कामाला येतात, त्यांचे अवशेष आम्ही बोर्डावरून काढत असतो.

लाल दिवा लागतो, ‘टक’ असा रिलेचा आवाज येतो आणि सेट लगेच बंद होतो, तर तो प्रोटेक्शनला जातोय. प्लग काढा, स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा लावा. आता चालू राहिला तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये, सेट सुटला. तरीही बंद झाला तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. काही रिसीव्हर सलग प्रोटेक्शनला गेले की स्वतःला कुलूप लावून घेतात, मग ते सर्व्हिस मोडमधून काढावं लागतं.

फ्यूज स्वतः बदलायचाच असेल तर जुन्यावर काय लिहिलंय ते वाचा. आकड्याआधी ‘टी’ असेल तर तो सावकाश उडणारा असतो. सेट चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर मोठा करंट ओढतो, तो झटका सोसायला तसाच लागतो. ‘एफ’चा टाकला तर चांगल्या सेटमध्येही उडेल आणि तुम्हाला वाटेल मोठा दोष आहे. जास्त अँपिअरचा तर टाकूच नका. आणि झाकण काढून आत बोट घालू नका. स्विचिंग सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, प्लग काढल्यावरही ते राहू शकतात.

साहेब, तुमच्यासाठी एक गोष्ट राहिली. सेट तुम्ही दुरुस्त न करता नेलात, म्हणजे ते दोन ट्रान्झिस्टर अजून तसेच शॉर्ट आहेत. जळालेला फ्यूज आम्ही पावतीला टाचून दिलाय, त्याच्या जागी मुद्दाम काही टाकलेलं नाही. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नवा फ्यूज टाकला तर तो उडेल, तेवढं चालेल. पुन्हा चांदी गुंडाळली तर ट्रान्सफॉर्मर जाईल आणि धूर घरात होईल. तोपर्यंत प्लग लावू नका.

दुसरीकडे दुरुस्त करून घेणार असाल तर जरूर घ्या, फक्त ‘सिरीज बल्बवर चालू करता का’ आणि ‘जुने पार्ट परत देता का’ एवढं विचारा. आमच्याकडेच आणलात तर तुमचे ५०० अजूनही बिलातून वजा होतील आणि खर्च तोच राहील. सोमवारी दुकान बंद असतं. येताना मागच्या स्पीकरच्या वायरी सोबत आणा, त्यांची टोकं बघायची आहेत.