दोन पटाश्या की सहाचा सेट? ऐरोलीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

‘नवशिक्याला दोनच पटाश्या घ्यायला लावता आणि उरलेले पैसे धार लावायच्या दगडात घालायला सांगता. त्यापेक्षा सहाचा सेट घ्यावा, धार कोपऱ्यावरचा ग्राइंडरवाला लावून देतो,’ असं तुम्ही माझ्या पटाश्यांवरच्या (म्हणजे लाकूड तासायच्या छिन्न्यांवरच्या) लेखाखाली लिहिलंत. शिवाय, दगड मधोमध खोलगट होतो हे मी सांगितलंच नाही, हेही. दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. पहिल्यावर भांडतो.

सहाचा सेट मीही घेतला होता, जांभळी नाक्यावरून. वर्षभर हात लागला तो १२ आणि २५ मिलिमीटरच्या दोघींनाच. बाकीच्या डब्यात पडून गंजल्या. घोडबंदरच्या पावसाळ्यात बाल्कनीत ठेवल्यावर दुसरं काय होणार! (आता शिलाई मशीनचं तेल पुसून ठेवतो.) आणि खोक्यातून निघालेली पटाशी कामाला तयार नसतेच. तिची पाठ, म्हणजे सपाट बाजू, उजेडात तिरकी धरा, मशीनच्या रेघा दिसतील. त्या थेट टोकापर्यंत जातात, म्हणून धार दातेरी राहते. टोकाकडची दोन-तीन सेंटीमीटर पाठ चकचकीत होईपर्यंत घासायची. एका पटाशीने माझी अख्खी दुपार खाल्ली. सहांचा हिशेब तुम्हीच करा.

आता ग्राइंडरवाला. माझी एक पटाशी त्याने दोन मिनिटांत परत दिली, टोकाला सुरेख निळी झाक. मी खूश! पण कार्बन स्टील तीनशे अंशांच्या आसपास तापलं की असं निळं पडतं, म्हणजे पटाशीचं पाणी, तिचा कडकपणा, उतरलं. सागात एक खाच पुरी व्हायच्या आत धार गेली. निळा भाग पूर्ण घासून काढावा लागला. तुमचा माणूस पातं सारखं पाण्यात बुडवत असेल, तर तुम्ही नशीबवान. तरी काम चालू असताना धार तास-दोन तासांत बोथट होते. दरवेळी सातव्या मजल्यावरून खाली उतरायचं?

दगडात फार पैसे घालायची गरज नाही, हे मात्र खरं. लेखात महागड्या जपानी दगडांचा फोटो टाकून मीच घोळ केला. सुरुवातीला हार्डवेअरवाल्याकडचा, एक बाजू जाड आणि एक बारीक असा साधा दगड पुरतो. नाहीतर जाड काचेवर वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा घासकागद), जाडाकडून बारीक: ४००, १०००, २००० नंबर. पात्याचा २५ अंशांचा उतार तसाच ठेवा, फक्त टोक ३० अंशांवर घासा. पाठीवरून बोट हलकेच धारेच्या बाहेर सरकवलं की बारीक खरखर लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली की पाठ दगडावर सपाट टेकवून दोनदा ओढा, खरखर निघून जाते.

राहिला खोलगट दगड. काचेवर १२०चा वॉटर पेपर, दगडावर पेन्सिलीच्या चौकटी, आणि घासायचं. कडेच्या रेघा आधी पुसल्या जातात, मधल्या हट्टाने राहतात. त्याही गेल्या की दगड सपाट. हे आजच मूळ लेखात घालतोय. तुम्ही तुमचा दगड कशावर घासता, तेवढं कळवा.