कार्ड दाखवायला काय जातं?

रात्री नाकाबंदीला अडवलं आणि हवालदारानं आधार कार्ड मागितलं, तर ते दाखवणं आपल्यावर बंधनकारक आहे का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा यावरून चांगलीच जुंपली. बहुमत कुणाचं होतं ते सांगायला नको. 'कर नाही त्याला डर कशाला? दाखवायचं आणि निघायचं.' मी दोन ओळी विरोधात लिहिल्या, तर एका काकांनी हात जोडलेली इमोजी टाकली. म्हणजे, आता पुरे. तिथं पुरे केलं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं बोलू. प्रत्येक नागरिकानं कायम ओळखपत्र खिशात बाळगलंच पाहिजे असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. आधारच्या कायद्यातही तसं कुठं म्हटलेलं नाही. गाडी चालवत असाल तर मात्र वाद घालू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की चालकानं लायसन्स दाखवायचं. २०१८ च्या नियमदुरुस्तीपासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स चालतं. तरीही 'ओरिजिनल दाखव' म्हणणारे भेटतात, त्यांना शांतपणे मोटार वाहन नियम १३९ सांगावा. पण हे सगळं चालकापुरतं. मागं बसलेल्या मैत्रिणीचं किंवा बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाचं कार्ड या कायद्याखाली मागता येत नाही.

नाव आणि पत्ता सांगण्याची गोष्ट वेगळी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४२ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३९ म्हणून आलंय. एखाद्यानं पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) केला, किंवा त्याच्यावर तसा आरोप असला, आणि तो नाव-पत्ता सांगायला नकार देतो किंवा खोटं सांगतोय असं मानायला कारण आहे, तर त्याला अटक करता येते. कशासाठी? नाव-पत्ता कळावा एवढ्यासाठीच. तो कळला की बंधपत्र घेऊन सोडायचं. चोवीस तासांत नाहीच कळला तर दंडाधिकाऱ्यापुढं न्यायचं. हे कलम लागायला आधी गुन्हा किंवा गुन्ह्याचा आरोप असावा लागतो, आणि कार्डाचा त्यात उल्लेख नाही.

'चल ठाण्यात, तिथं बघू' याबद्दलही सांगतो. तपासात साक्षीदार म्हणून बोलवायचं तर याच नव्या संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि बायकांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना, साठीपुढच्या माणसांना त्यासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

म्हणजे पुस्तकातलं उत्तर साधं आहे. गाडीवर असाल तर लायसन्स दाखवा. एरवी नाव-पत्ता खरा सांगा, बहुतेक वेळा तेवढ्यात काम भागतं. कार्डाची सक्ती नाही. मग ग्रुपवर एवढं भांडायचं कशाला? तर 'दाखवून टाका' या सल्ल्यात एक गृहीतक आहे, की कार्ड दाखवलं की समोरचा विश्वास ठेवतो. माझ्या बाबतीत ठेवतो. माझं आडनाव, माझी भाषा, माझे इस्त्रीचे कपडे हे सगळं कार्डाच्या आधीच वाचून झालेलं असतं.

जून २०२५ मध्ये मीरा रोड आणि मुंबई परिसरात काम करणाऱ्या काही बंगाली मजुरांना पोलिसांनी बांगलादेशी म्हणून उचललं, आणि ते थेट सीमेपलीकडं पोहोचवले गेले. माणसं निघाली मुर्शिदाबाद, बर्धमानची, म्हणजे भारतीय. पश्चिम बंगाल सरकार मध्ये पडलं तेव्हा परत आली. आधार, मतदार ओळखपत्र सगळं होतं असं घरच्यांचं म्हणणं. आता यांना सांगा, दाखवायला काय जातं.

त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑगस्ट २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं ठाण्यातल्या एका जामीन अर्जावर म्हटलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्यानं कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्यानं हे बरोबरच आहे. आधार कायद्याचं कलम ९ तेच सांगतं. पण मग रात्री अकरा वाजता फुटपाथवर झोपलेल्या गवंड्याकडून जे कार्ड मागितलं जातं ते नेमकं कशासाठी? नसलं तर संशय आणि असलं तर पुरावा नाही, अशी त्याची गत. परकीय नागरिकांच्या कायद्यात मी परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार त्या माणसावरच असतो, १९४६ पासून.

आपल्या राज्यात हा संशय नवा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १२२. पेपरात 'अंधारात दबा धरून बसलेल्या इसमास ताब्यात घेतले' अशी बातमी येते ना, तिच्याखाली बऱ्याचदा हेच कलम असतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर रेंगाळणारा माणूस 'नावाजलेला चोर' असेल आणि त्याला तिथं असण्याचं समाधानकारक कारण देता आलं नाही, तर तो गुन्हा. नावाजलेला कुणी ठरवायचा? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबलेल्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड हजेरी द्यायची आणि बाहेर जायचं तर पास घ्यायचा. कायदा रद्द झाला ऑगस्ट १९५२ मध्ये. पण गावात चोरी झाली की गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे ग्रामीण भागात कुणालाही विचारा.

आणि हे गरिबांपुरतंच आहे असं समजून निवांत बसू नका. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे ४० जोडपी उचलली. लॉजवाला ओळखपत्र घेतल्याशिवाय खोली देत नाही, तेव्हा ओळखीचा प्रश्न नव्हताच. बऱ्याच जणांवर कलम लावलं सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. बंद खोलीत! हैदराबादला २०२१ मध्ये पोलीस दुचाकीवाल्यांना थांबवून व्हॉट्सॲपमध्ये 'गांजा' शब्द शोधत होते, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. कार्ड दाखव, मग खिसे दाखव, मग फोन उघड. पहिल्या पायरीला 'का' विचारलं नाही तर तिसऱ्या पायरीला तोंड उघडणं अवघड जातं.

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं नाही. बारा-बारा तास ड्युटी, पावसात बॅरिकेडजवळ उभं राहायचं, समोरून येणारा कोण ते माहीत नाही. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी आठवली की मान झुकते. तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. ग्रुपवरही हे उदाहरण आलंच. पण त्या रात्री चौपाटीवरच्या पोलिसांना कंट्रोल रूमकडून स्कोडा गाडीची खबर मिळालेली होती. माहिती हाती होती म्हणून ती गाडी अडवली गेली. दिसेल त्याचं कार्ड तपासत बसणं हे वेगळं काम आहे. त्यात रात्र जाते आणि आकडा दाखवता येतो.

दुसरं, ओळख दोन्हीकडून हवी. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. नव्या संहितेत कलम ३६ खाली नावाची सक्ती आहे. नाकाबंदीलाही रेनकोटवर नावाची पट्टी लावायला काय हरकत आहे? आणि साध्या वेशातला कुणी 'मी पोलीस आहे' म्हणाला तर आधी त्याचंच ओळखपत्र मागा. 'आजी, पुढं खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा' म्हणणारे तोतये गल्लोगल्ली फिरतात, आणि त्यांच्यापासून सावध राहा हे खुद्द पोलीसच सांगत असतात.

मी स्वतः काय करतो? नाव-पत्ता सांगतो. गाडीवर असलो तर लायसन्स स्क्रीनवर दाखवतो, फोन हातात देत नाही. 'साहेब, काही विशेष आहे का आज?' एवढं विचारतो. बहुतेक जण सांगतात. चढ्या आवाजात कलमं ऐकवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही, व्हिडिओत काहीही दिसो.

मला हवंय ते फार मोठं नाही. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यानं पोलिसानं रस्त्यात थांबवून झडती घेतली तर त्याची नोंद करावी लागते: का थांबवलं, काय शोधत होतो. ज्याची झडती घेतली त्याला त्या नोंदीची प्रत मागता येते. त्या नोंदींवरूनच तिथं कळलं की काळ्या लोकांना गोऱ्यांच्या मानानं कितीतरी जास्त वेळा थांबवलं जातं, आणि सरकारला उत्तरं द्यावी लागली. आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराच्या हातात ई-चलानचं यंत्र आहेच. हेल्मेट नसल्याचा फोटो त्यात काढता येतो, तर 'अमुक ठिकाणी, अमुक वाजता, अमुक कारणासाठी थांबवले' ही एक ओळही टाकता येईल. वर्षानंतर त्या ओळी वॉर्डवार जाहीर करा. मग ग्रुपवर पुन्हा वाद घालू, तोपर्यंत माझ्या दोन ओळी तिथं तशाच राहू द्या.