‘अकरावीचा धडा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. ट्रान्झिस्टरच्या नुसत्या यादीवरून चिपमधले लॉजिक गेट कसे ओळखायचे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया इथे जशीच्या तशी देतो: ‘ट्रान्झिस्टर सिरीजमध्ये असले की अँड, पॅरलल असले की ऑर, हा अकरावीचा धडा झाला. पास ट्रान्झिस्टर आला की तुमची पद्धत आडवी होते. चार्ज शेअरिंगचं तर नावही नाही. आधी अभ्यास करा, मग लेखणी उचला.’

आधी माझी चूक. ६५०२ हा प्रोसेसर १९७५ सालचा, मी १९७६ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. (ती दाखवली दुसऱ्या एका वाचकाने, आणि तीही नमस्कार करून.)

आता तो ‘अकरावीचा धडा’. पहिल्या नोकरीत माझ्यापुढे एका जुन्या चिपची नेटलिस्ट टाकली होती. लॉजिक डायग्रॅम गहाळ. नुसती यादी: या ट्रान्झिस्टरचं गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) अमुक नोडला, म्हणजे जोडबिंदूला, आणि ज्यांच्यामधून प्रवाह जातो ती दोन टोकं, सोर्स तमुक, ड्रेन ढमुक. नोडना नावं नाहीत, नुसते आकडे. कडेला भोकं असलेल्या प्रिंटरच्या कागदांवर रंगीत पेन्सिलींनी साडेतीन महिने घासले. डिप्लिशन लोड (नोडला ‘एक’कडे ओढून धरणारा, कायम चालू असलेला ट्रान्झिस्टर) असलेला नोड धरायचा आणि तिथून ग्राउंडपर्यंतच्या वाटा शोधायच्या. ए आणि बी एकापाठोपाठ, त्यांना समांतर सी, म्हणजे आउटपुट ‘एबी किंवा सी’च्या बरोबर उलटं. हे ‘उलटं’ माझ्या लेखात आहे. तुमच्या धड्यात नाही! एनमॉसमध्ये, म्हणजे अशा जुन्या चिपच्या रचनेत, ग्राउंडकडे जाणाऱ्या वाटेवर सिरीज म्हणजे नँड (उलटा अँड), पॅरलल म्हणजे नॉर (उलटा ऑर). अकरावीचा पेपर तपासायला निघालात आणि इन्व्हर्जनच विसरलात? उंटावरून शेळ्या हाकताना असं होतं.

आणि हा धडा इतका फालतू असता, तर ६५०२चे फोटो काढून त्यातून साडेतीन हजार ट्रान्झिस्टर वेचणाऱ्या व्हिज्युअल ६५०२ या प्रकल्पाच्या मंडळींनी २०१० मध्ये काय केलं म्हणायचं? प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे चालू-बंद होणारा स्विच, एवढंच धरलं. व्होल्टेज मोजत बसले नाहीत. तरी प्रोग्रॅम चालले.

पास ट्रान्झिस्टरला, म्हणजे एका नोडवरचा सिग्नल नुसता दुसऱ्या नोडकडे सोडणाऱ्या ट्रान्झिस्टरला, दिशा नसते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर सोर्स-ड्रेनने जोडलेले नोड एका गटात घेतात आणि पुरवठा किंवा ग्राउंड आलं की थांबतात. लॉजिक गेट ओळखायचा हट्ट तिथे सोडावा लागतो, हे मात्र मी लिहायला हवं होतं. असो.

चार्ज शेअरिंगचं (जोडले गेलेले नोड साठलेला चार्ज आपसात वाटून घेतात, त्याचं) म्हणाल, तर संगणकशास्त्रज्ञ रँडल ब्रायंट यांच्या स्विच-लेव्हल मॉडेलमध्ये (ट्रान्झिस्टरला स्विच मानणाऱ्या मॉडेलमध्ये) नोडला आकार असतो, ट्रान्झिस्टरला ताकद असते आणि शून्य-एकच्या जोडीला ‘एक्स’ हे अनिश्चित मूल्य असतं. त्यावर स्वतंत्र लेख होईल. एका लेखात सगळं कोंबायला ही गाईड नव्हे.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. लेखणीबद्दलचं वाक्य काढणार होतो, पण म्हटलं, राहू दे, लोकांनाही वाचू दे.