पँथरवरचा गारा, लाल चट्टे आणि तो पिवळा रंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तीस वर्षं प्लॅस्टिकचे रणगाडे जोडता आणि रंगवता असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. 'कंपनी ऑफ हीरोज २' या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर गेमसाठी मी पँथर या जर्मन रणगाड्याचा रंग केला, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईतला. त्यावर तुम्ही जी प्रतिक्रिया दिली, ती चारदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही. मागची पोस्ट वाचून जे इथे आलेत त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पिवळा रंग आरएएल ७०२८ शी, म्हणजे रंगपट्टीवरच्या जर्मन गडद पिवळ्याच्या आकड्याशी, जुळत नाही, फार उडालेला दिसतो. कुर्स्कच्या पँथरवर झिमेरिटचा लेप असूच शकत नाही. रंग उडाल्याच्या जागा लालसर दाखवल्यात, खाली पोलाद असताना त्या चंदेरी हव्यात. चिखल काळा आहे, म्हणजे 'तुमच्या वावरातला गारा उचलून जर्मन रणगाड्याला फासला'. आणि शेवटी, एवढी मेहनत जर्मनांच्या रणगाड्यावर कशाला, आपल्या सैन्याचे रणगाडे नव्हते का?

झिमेरिटचं आधी सांगतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून कारखान्यात तो खरबरीत लेप लावायला सुरुवात झाली ती १९४३ च्या उत्तरार्धात, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तो बंद झाला. कुर्स्कची लढाई जुलै १९४३ ची. पँथर पहिल्यांदा रणांगणावर उतरला तो तिथेच. मी नंतरच्या पँथरचे फोटो पाहून त्या आडव्या रेघा काढल्या आणि तारीख तपासली नाही. चूक माझी. फाइल दुरुस्त केली आहे, खालच्या दुव्यावर आता नवीच मिळेल. ज्यांनी जुनी उतरवली असेल त्यांनी कृपया बदलून घ्यावी.

आता लाल चट्टे. काका, इथे मात्र मी मागे हटणार नाही, कारण हे काम मी रोज हाताने करतो.

आमचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात, हायवेपासून आत. आधी बाबा करायचे, आता मी. मागच्या महिन्यात एक जुनी ट्रॉली आली, कापूस वाहून वाहून फाळक्याच्या कडा खाल्लेल्या. पॉलिश पेपर घेऊन एक जागा घासायला बसलो. वरचा निळा गेला, खाली जुना लाल निघाला, त्याखाली राखाडी, त्याखाली रेड ऑक्साइड, आणि अगदी मधोमध रुपयाएवढं लोखंड. एकात एक अशी कडी दिसतात, प्रत्येक थराची एक कड. ट्रॉलीवर दगड लागला किंवा साखळी आपटली की वरचा रंग टवका होऊन उडतो, पण प्रायमर बहुतेक वेळा लोखंडाला धरूनच राहतो. त्यासाठीच तर तो मारलेला असतो. चकचकीत लोखंड दिसतं ते जिथे रोज घासतं तिथेच : फाळक्याच्या बिजागरीला, हूकच्या दांड्याला, चढताना पाय पडतो त्या पट्टीला. बाकी टवका उडाला की लाल दिसतं, आणि एक पावसाळा गेला की तो लाल काळपट तपकिरी होतो.

जर्मन कारखान्यातून रणगाडा निघायचा तोही असाच. खाली लालसर तपकिरी गंजरोधक प्रायमर आणि त्यावर मूळ रंग. म्हणून मी चंदेरी फक्त तीन ठिकाणी ठेवला : पट्ट्याच्या कड्यांवर जिथे जमीन घासते, दात्यांच्या चाकाच्या टोकांवर, आणि थोडासा झाकणाच्या कडेला जिथे माणसाचा हात आणि बूट रोज लागतो. बुरुजाच्या सपाट भागावर चंदेरी ओरखडे मारले असते तर तो रणगाडा ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखा दिसला असता.

चट्टे आकाराने मोठे वाटतात असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते खरं आहे, आणि त्याला कारण आहे. मी २०४८ बाय २०४८ ठिपक्यांचं चित्र रंगवतो, तेच गेममध्ये रणगाड्यावर चढतं. तसंच ठेवलं तर ते १६ एमबी होतं. गेमसाठी ते दाबून डीडीएस फाइल करावी लागते, साध्या डीएक्सटी १ पद्धतीत ते २ एमबीवर येतं. पण ही पद्धत चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात फक्त दोन रंग साठवते, उरलेले दोन त्या दोघांच्या मधले धरते. म्हणजे एकाच चौकोनात पिवळा, हिरवा आणि लाल असे तीन वेगळे रंग आले की एकाचा बळी जातो. मी पहिल्यांदा टवके काढले ते एकदोन ठिपक्यांचे, अगदी बारीक. पडद्यावर छान दिसत होते. गेममध्ये टाकले तर सगळ्यांची मिळून मातकट घाण झाली, जशी ब्रश न धुता पुढचा रंग घेतल्यावर होते. दोन रात्री त्यात गेल्या. मग टवके मोठे केले आणि हिरव्या पट्ट्याच्या कडेपासून जरा लांब सरकवले. तुमच्या हातातल्या मॉडेलवर तुम्ही सुईच्या टोकाने टवका काढू शकता. मला ती मुभा नाही.

पिवळ्या रंगाचंही थोडं असंच आहे. त्या दाबलेल्या फाइलमध्ये लाल आणि निळ्याला ३२ पायऱ्या मिळतात, हिरव्याला ६४. रंग जितका करड्याकडे झुकलेला, तितकी ही गडबड जास्त दिसते, आणि जर्मनांचा गडद पिवळा हा तसा करड्या पोटाचाच रंग आहे. रंगपट्टीवरचा आकडा जसाच्या तसा भरला की गेममध्ये तो शेवाळी दिसतो. वर गेमचा स्वतःचा सूर्यप्रकाश पडतो, सावल्या पडतात, आणि कॅमेरा जमिनीपासून उंचावर असतो. तुम्हीच तुमच्या प्रतिक्रियेत एका ठिकाणी लिहिलंय की लहान मॉडेलवर रंग जरा फिका करावा लागतो, नाहीतर तो काळवंडतो. माझा पँथर पडद्यावर अंगठ्याएवढा दिसतो, काका. मग मला किती फिका करावा लागेल?

शिवाय 'एकच बरोबर पिवळा' हे मला मुळातच पटत नाही. फेब्रुवारी १९४३ च्या हुकुमाने गडद पिवळा हा मूळ रंग ठरला. त्यावर मारायचा लालसर तपकिरी आणि हिरवा हे दोन रंग घट्ट लगद्याच्या रूपात थेट तुकड्यांकडे जायचे. ते पातळ करायचे पाण्याने किंवा पेट्रोलने, जे हाताशी असेल त्याने. कुणाकडे स्प्रे गन, कुणाकडे नुसता ब्रश. आमच्या दुकानात एकाच डब्यातला एनॅमल सकाळी मारला आणि दुपारच्या उन्हात थिनर जास्त टाकून मारला, तर दोन फाळके शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो. गिऱ्हाईक विचारतंसुद्धा, हा दुसरा डबा होता का म्हणून. मग लढाईच्या तोंडावर, पेट्रोलमध्ये लगदा कालवून मारलेला रंग दोनशे रणगाड्यांवर सारखा कसा असेल? म्हणून हिरव्याच्या पट्ट्या मी मुद्दाम कुठे दाट, कुठे खालचा पिवळा दिसेल इतक्या पातळ ठेवल्या आहेत. त्या 'अर्धवट' नाहीत.

आता गाऱ्याचा मुद्दा. तुमचं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, आणि सगळ्यात जास्त शिकवूनही गेलं.

हो, मी आमच्या वावरातला गारा पाहूनच रंगवला. जुलैमध्ये पांदणीत ट्रॅक्टर फसला होता. बाहेर काढून घरी आणल्यावर मी तो धुवू दिला नाही. दर तासाला त्याच्या मागच्या मडगार्डचा एकाच जागेवरून मोबाइलने फोटो काढला, संध्याकाळपर्यंत आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी. ओला असताना जवळजवळ काळा आणि त्यावर तेलासारखी चकाकी. मग पातळ शिंतोडे आधी वाळून राखेच्या रंगाचे होतात, जाड ढेकूळ मात्र मधोमध काळंच राहतं आणि त्याच्या कडेने फिकी किनार धरते. दुसऱ्या दिवशी ढेकळाला भेगा पडतात, कडा वर उचलतात, खपली गळते, आणि खाली रंगावर धुळीचा एक पुसट डाग राहतो ज्याचा आकार त्या खपलीसारखाच असतो. हे सगळं मी पँथरवर उतरवलं.

पण रशियातला चिखल तपकिरी असायला हवा होता हे तुमचं म्हणणं कुर्स्कच्या बाबतीत लागू पडत नाही. कुर्स्क हा रशियाच्या काळ्या मातीच्या पट्ट्यातला भाग. तिथल्या मातीला चेर्नोझेम म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच काळी माती. लढाई सुरू होताना, ४ जुलैच्या रात्री, दक्षिण आघाडीवर जोराचा पाऊस झाला होता. ओढे-घळी चिखलाने भरल्या, आणि पँथरची तुकडी पहिल्याच दिवशी अशाच एका घळीत आणि सुरुंगांत अडकली. त्या रणगाड्यावर काळा गारा नसेल तर कुठल्या रणगाड्यावर असेल? चाकांच्या मध्ये मी तो सगळ्यात जास्त भरलाय, कारण पँथरची चाकं एकमेकांवर चढलेली असतात आणि आत गेलेला चिखल लवकर बाहेर पडत नाही. हिवाळ्यात तोच गोठून चाकं जाम व्हायची.

तरी तुम्ही लिहिल्यानंतर मी दोन्ही मातींबद्दल नीट वाचलं, आणि एका जागी तुमचं बोट बरोबर पडलंय. आपली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून आलेली, चिकणमातीची. पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, म्हणून उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांची माती काळी आहे ती कुजलेल्या गवताच्या सेंद्रिय अंशाने, आणि ती मोकळी, रवाळ असते. ती वाळली की आपल्यासारखी तडकून खपली-खपली होत नाही, भुगा होऊन गळते. म्हणजे रंग बरोबर, पण भेगा आपल्या यवतमाळच्या! त्या मी आता पुसतोय. मडगार्डावरच्या ढेकळांच्या कडा वर उचललेल्या होत्या, त्या बसवून भुरभुरीत करतोय. हा फरक कुणाच्या नजरेत येणार नाही असं मला सांगितलं गेलं. तुमच्या येईल हे मला माहीत आहे.

माझ्या दुसऱ्या, हिवाळी पँथरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, मीही थोडक्यात सांगतो. तो पांढरा वसंतात धुऊन काढता यावा असाच असायचा, चुना किंवा खडूचा. पोळ्याआधी घराला चुना मारतो तेव्हा खळीशिवाय मारलेली भिंत पाठ टेकली की सदऱ्यावर येते. जिथे माणूस चढतो-उतरतो तिथला पांढरा आधी जाणार, म्हणून तिथे खालचा रंग दिसतो.

राहिला शेवटचा प्रश्न. जर्मनांचे रणगाडे का?

गेममध्ये दोन्ही बाजू खेळाव्या लागतात आणि जर्मनांच्या रंगात शिकण्यासारखं फार आहे, तीन रंग, दोन ऋतू, प्रत्येक तुकडीचा वेगळा हात. नाझींचं कुठलंही चिन्ह माझ्या कुठल्याही फाइलवर नाही आणि कधी असणारही नाही. सैन्याचा काळा-पांढरा क्रॉस आणि तीन आकडी नंबर, एवढंच. तो नंबर कंपनी, प्लाटून आणि गाडी सांगतो, तो नसेल तर रणगाडा अनोळखी वाटतो.

पण 'आपले रणगाडे' हे तुमचं वाक्य मी मनावर घेतलंय. तुम्ही १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईचं नाव काढलंत. १६ डिसेंबर १९७१ ला अरुण खेतरपाल तिथे ज्या सेंच्युरियन रणगाड्यात लढले, त्या 'फामागुस्टा'चा फोटो माझ्या दुकानाच्या भिंतीवर आहे. पण सेंच्युरियन या गेममध्ये नाही. नुसता रंग बदलून तो होणार नाही, सगळा आकारच नव्याने घडवावा लागेल, आणि ते ब्लेंडरचं (आकार घडवायच्या सॉफ्टवेअरचं) काम मला अजून तेवढं येत नाही. त्यापेक्षा आधी ब्रह्मदेशाची आघाडी घेतो. १९४४ मध्ये इम्फाळला आपल्या सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे लढले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातलं मेइक्तिला घेताना डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या आपल्या रेजिमेंट शेर्मन रणगाडे घेऊन होत्या. शेर्मन आणि स्टुअर्ट दोन्ही जुने ओळखीचे आकार आहेत, तिथे रंगाचंच काम आहे. पावसाळ्यातल्या जंगलात रंग कसा होतो, हिरव्यावर लाल माती कशी बसते, हे मला नव्याने पाहावं लागेल, कारण आमच्याकडे ती माती नाही.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी एकदा जाऊन आलोय. मटिल्डा, व्हॅलेंटाईन हाताच्या अंतरावर उभे आहेत. आकार, जोड, झाकणाची जाडी पाहायला ती जागा अप्रतिम आहे. रंगासाठी मात्र तिचा उपयोग झाला नाही. इतक्या वर्षांत रंगाचे थर इतके चढलेत की रिव्हेटची डोकी गुळगुळीत झालीत, आणि रंगाचा जाणकार माणूस ते लांबूनच ओळखतो. म्हणून मला तुमची गरज आहे.

तुम्ही ब्रह्मदेशातला शेर्मन केलाय असं लिहिलंत. त्याचा एक फोटो पाठवाल का? समोरून नको, बरोबर वरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, आणि शेजारी साधा पांढरा कागद ठेवून, म्हणजे रंग मला मोजता येईल. बुरुजाचं छत आणि इंजिनाची जाळी स्पष्ट यायला हवी, गेममध्ये खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त तेच दिसतं. सध्या दुकानात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायला आलेत, साठेक असतील, ते संपेपर्यंत रात्रीचा वेळ मिळणार नाही. पोळा झाला की स्टुअर्टला हात घालतो.