हप्ता आईचा, खातं भलत्याचं!

सांगलीला बँकेत ही चौथी खेप. आईचे 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये महिन्याच्या महिन्याला जमा होतायत म्हणे, पण पासबुक कोरं! तिच्या आधारला कुणीतरी परस्पर दुसरं खातं जोडलंय, आणि पैसे जातात शेवटी जोडलेल्या खात्यावर. आधारच्या साइटवर ओटीपी टाकला, तर बँकेचं नावच भलतं. दोन मिनिटांचं काम. खिडकीवरच्या साहेबांना तेवढं बघायला होत नाही. वर म्हणतात, "मावशी, पैसे तुम्हीच काढले असतील की!" अहो, भांगलून भांगलून अंगठा झिजलाय तिचा, मशीनवर उठतसुद्धा नाही! आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तक्रार दिली, बँकेत अर्ज टाकला. आता काय, तर आधारची झेरॉक्स जोडा. परत झेरॉक्स! (आजवर कुठं कुठं दिल्यात, देव जाणे.) त्यातूनच झालं असणार हे सगळं. आणि साहेब जेवायला गेलेत.