एकाचं शून्य करा आणि निवांत घरी जा

डब्ल्यूएक्सविजेट्स वापरताय? उत्तम. प्रोग्रॅमला खिडक्या-बटणं पुरवणाऱ्या तयार कोडची, १९९२ पासून चालत आलेली लायब्ररी. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीकडे तोच कोड, म्हणजे घोळही एकदाच घालायचा आणि तिन्हीकडे न्यायचा. त्यासाठी सेटअप.एच या फाइलशी घरोबा करा. तिच्यात ओळीच ओळी, एकेका सोयीची एकेक, आणि प्रत्येकीच्या शेवटी १ (चालू) किंवा ० (बंद). हात शिवशिवायलाच हवेत.

ओळींच्या वर 'डिफॉल्ट अमुक, शिफारस तमुक' असं लिहिलेलं असतं. वाचू नका. तुम्ही इंजिनिअर आहात.

बदल करताना मूळ फाइलला हात लावू नका. बिल्डच्या वेळी, म्हणजे कोडातून लायब्ररी तयार करताना, तिची प्रत लिब फोल्डरात पडते, डीबगची (आपल्या तपासणीची) वेगळी, रिलीजची (गिऱ्हाइकाला द्यायची) वेगळी. तुम्ही फक्त रिलीजची प्रत उघडा. डीबगमध्ये सगळं झकास चाललं की 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणायला मोकळे.

आता शून्य कशाचं करायचं? समजा, तुमचा प्रोग्रॅम पिंपळगावजवळच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांचं वजन नोंदवतो. (समजा हं.) वजन काट्यावरून केबलनं येतं, टायपिंग जवळजवळ नाहीच. यादीत 'डब्ल्यूएक्स-यूज-कॅरेट' दिसतं. कॅरेट म्हणजे टाइप करताना लुकलुकणारी उभी रेघ. आपल्याला काय करायचीय? ठोका शून्य! जिथे अख्खा तालुका माल कॅरेटवर, म्हणजे प्लास्टिकच्या क्रेटवर, मोजतो, तिथल्याच प्रोग्रॅममधून तुम्ही कॅरेट काढलंत, हा विनोद तेव्हा कुणालाच कळत नाही. मला अडीच दिवसांनी कळला.

यानंतर लायब्ररी पुन्हा बिल्ड करू नका. वेळ लागतो आणि चहा थांबत नाही. फक्त आपला प्रोग्रॅम कंपाइल करा. एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारा लिंकरही चकार शब्द काढत नाही. होतं एवढंच, की प्रत्येक खिडकीच्या क्लासात, म्हणजे साच्यात, कॅरेटसाठी एक पॉइंटर, म्हणजे पत्त्याचा कप्पा, असतो, तो तुमच्या हिशेबी गेला आणि लायब्ररीच्या हिशेबी आहे. ६४ बिटांवर ८ बाइट. तुम्ही ८ बाइट कमी जागा दिलीत, लायब्ररी मात्र जुन्या मापानंच पसरते आणि शेजाऱ्याच्या हद्दीत लिहून येते. बांधावरून कोर्टात गेलेल्या घरांना हे वेगळं समजावायला नको. प्रोग्रॅम सुरू होताना दोघांची पत्रिका जुळवतात खरी, पण त्यात आवृत्ती, युनिकोड, कंटेनर असले गुण बघतात. कॅरेटचं कुणी विचारत नाही. लग्न लागतं. भांडण दुसऱ्या दिवशी, एखादी खिडकी बंद करताना, आणि तेही कधी होतं, कधी नाही.

लिनक्सवर असाल तर कॉन्फिगर नावाच्या स्क्रिप्टनं बनवलेली सेटअप.एच हातानं बदला. पुढच्या वेळी कॉन्फिगर चालवलं की तुमचे सगळे पुरावे आपोआप नष्ट.

बेमेळ सेटिंग दिसलं की बिल्ड थांबवणारा एक मॅक्रो आहे. तो चालू करू नका, उगाच चुका दिसतात.

कमिट मेसेज, म्हणजे बदलाची नोंद: 'मायनर चेंजेस'.

मग फेब्रुवारीत फोन येतो. "दादा, काटा परत गेला. बाया बसून आहेत, गाडी रात्री न्हावाशेव्याला निघायचीय." तुम्ही अंबडहून आग्रा रोडनं गाडी दामटता, लॅपटॉप उपड्या कॅरेटवर ठेवता, आणि मागे सुपरवायझर वहीत पेननं वजनं लिहीत उभा. तुम्ही सिरीयल पोर्ट बदलता. केबल बदलता. विंडोज पुन्हा टाकता. काटेवाल्याशी भांडता. त्या काटेवाल्याची मी माफी मागितलीय, चहा पाजून. शेवटी रात्री लायब्ररीच्या कोडात एक ओळ घुसवून दोन्हीकडून साइझऑफ, म्हणजे खिडकीचं माप, छापलं, तेव्हा ते ८ बाइट दिसले.

आणि कशासाठी, तर एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, लहान व्हावी म्हणून! अरे, लायब्ररी जुनीच जोडलीस, तर लहान होणार कुठून? खिशातला रुपया काढून घराचं वजन कमी करतोस का? शून्य करायचं होतं तर मूळ फाइलीत करायचं, लायब्ररी बिल्ड करायची, मग प्रोग्रॅम, डीबग-रिलीज दोन्ही, आणि कमिटमध्ये एक ओळ, 'कॅरेट बंद केलं'. एवढं झेपत नसेल तर त्या फाइलला हात लावायचा नाही. तू आता पुण्यात आहेस, पगार वाढला असं ऐकतो. तिथे काय काय शून्य करून ठेवलंयस, ते निदान तिथल्या लोकांना आजच सांग. आणि माझा फोन उचल.