यंत्रमानव नसल्याची शिक्षा

आमच्या कॉम्प्युटरला पाच व्हायरस झाल्याची बातमी मला खुद्द कॉम्प्युटरनेच दिली. उजव्या कोपऱ्यात खाली 'टुंग' करून एक लाल चौकट उगवली. मी तिच्या फुलीवर क्लिक केलं. गेली बिचारी. दोन मिनिटांनी परत आली, ती धाकट्या बहिणीला घेऊन.

संध्याकाळपर्यंत त्यांचं अख्खं माहेर जमलं. एकीच्या मते माझ्या अँटीव्हायरसची मुदत आजच संपत होती. मी तो कधी घेतलाच नव्हता, तरी मुदत संपल्याचं वाईट वाटलं. दुसरी म्हणत होती, फोटो पुसले जातील. ते पुसले जावेत असे काही फोटो आहेत खरे, पण तो वेगळा विषय.

शेवटी धीर सुटला आणि मी एका चौकटीवर क्लिक केलं. तपासणीचा हिरवा पट्टा शून्यापासून शंभरपर्यंत धावला आणि अख्खा स्क्रीन व्यापून एक निळं पान उभं राहिलं. भोंगा वाजायला लागला. एक बाई कडक इंग्रजीत बजावू लागली की कॉम्प्युटर बंद करू नका, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. शाळेनंतर इतक्या अधिकाराने मला कुणी दटावलं नव्हतं. मी निमूट फोन उचलला.

"बाबा, ठेवा तो फोन!" लेक धावत आली. "खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. उचलणारा माणूस गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा घेईल आणि वर पैसे मागेल."

"पण त्यांनी तपासणी केली ना!"

तिने एस्केप दाबून धरलं, पान लहान झालं. मग तेच पान पुन्हा लोड केलं. तोच पट्टा, तेच पाच व्हायरस, त्याच क्रमाने. वेबसाइटला आपल्या डिस्कमध्ये डोकावताच येत नाही, तो पट्टा म्हणजे नुसतं हलतं चित्र. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून तिने टास्क मॅनेजर उघडला आणि ब्राउझरच बंद केला. पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का?' असं त्याने आदबीने विचारलं. मी 'हो' म्हणणार होतो. तिने माउस काढून घेतला.

मग सेटिंग्ज, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे 'परवानगी दिलेल्या' अकरा साइट्स दिमाखात बसल्या होत्या.

"परवानगी कुणी दिली?"

मला शब्दकोडं आठवलं. आडवा शब्द सात अक्षरी होता. उत्तर शोधताना एक पान म्हणालं, 'तुम्ही रोबो नसाल तर अलाउ दाबा.' मी रोबो नव्हतोच, मग अभिमानाने दाबलं. पुढच्या पानालाही शंका आली, त्याचीही फेडली. असा अकरा वेळा माणूस ठरलो. क्रोममध्ये ही नोटिफिकेशनची सोय २०१५ साली आली, साइट बंद असली तरी निरोप पोचावा म्हणून. माझे निरोप चोख पोचत होते.

लेकीने अकराही परवानग्या काढल्या, आणि कुठल्याच साइटने यापुढे विचारूही नये अशी व्यवस्था केली. खात्रीसाठी कॉम्प्युटरमधल्या खऱ्या अँटीव्हायरसला पूर्ण तपासणीला बसवून ती झोपायला गेली.

मी राखणीला बसलो. बऱ्याच वेळाने त्याच कोपऱ्यात एक चौकट उगवली : 'तपासणी पूर्ण. एकही धोका आढळला नाही.'

मी प्लगच उपटला.